धवले लिहायचे राहिले

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गुरुवारी संध्याकाळी नातीला घेऊन पनवेलच्या सायबर कॅफेत गेलो. नात नववीत, आमच्याकडंच राहायची. तिच्या मराठीच्या पुस्तकात लग्नातल्या गाण्यांवर कविता होती. बाईंनी सांगितलेलं, कवितेमागची माहिती आणा, आपल्या भागातली तशी गाणी आणा. नेटवर बघा, घरात विचारा.

माझी बायको धवलारीण. करंजाड्यापासून पार उरणपर्यंत आमच्या आगरी लग्नांत धवले तीच गायची. हळदीचा वेगळा, तेलाचा वेगळा, मांडवाचा वेगळा, सगळे तोंडपाठ. मी चौथी नापास, ती शाळेत गेलीच नाही. तरी घरात शहाणा मीच.

कॅफेवाल्यानं 'धवला' टाकून बघितलं. लग्नपत्रिकांचे नमुने निघाले, मेंदीची चित्रं निघाली. बायको मागून वाकून नातीला म्हणाली, "यात काय बगतेस गो? मना इचार. मी सांगते, तू लिव."

मी म्हटलं, "गप बस. शाळेचा काम हाय, तुजा मांडव नाय."

कॅफेवाला हसला. नात हसली. तीपण हसली, "बरा बाबा, तुमचा कॉम्प्युटर शाना."

मेंदीची तीन पानं छापून आणली. रिक्षात नात तिच्या कानाशी लागली, "आजी, खरंच सांगशील?"

"आयतवारी बस वही घेऊन. आज पाय दुखतान."

शुक्रवारी दुपारी भात उपसता उपसता ती खाली बसली ती बसलीच. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. दिवस मावळायच्या आत तिला पोचवून आलो.

बायका आत रडत होत्या आणि मी बाहेर बसून धवला आठवत होतो. चाळीस वर्षं तिच्यासोबत लग्नांना गेलो. ती मांडवात गायची, मी मांडवामागं पत्ते कुटायचो. एक ओळ आठवेना. कान दिलाच नव्हता तर आठवणार काय, कपाळ?

दुसऱ्या दिवशी सकाळी जासईला गेलो. तिथं तिची जोडीदारीण राहते, जन्मभर तिच्यामागं गायलेली. सुतकातला माणूस, म्हणून घरात शिरलो नाही, अंगणातच उभा राहिलो. म्हटलं, "वयनी, पोरीला धवला लिवून पायजे."

तिनं तोंड उघडलं. दोन शब्द आले, अडकली. परत तेच दोन आले. मग पदर तोंडाला लावला. "भावजी, ती उचलायची न आमी मागशी वढायचो. ती पुढं नाय तर माज्या तोंडान कुठशी येल?"

"दुसरी कोण हाय?"

"कोण नाय."

तिथून तसाच पनवेलला, नातीच्या शाळेत. बाईंना सांगितलं, आजी गेली, पोरगी वही देणार नाही.

बाई म्हणाल्या, "आजोबा, घाई नाही हो. पुढच्या महिन्यात दिली तरी चालेल."

मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात तरी कुठनं आणू?" आणि पायऱ्या उतरून घरी आलो.