महादेवनं घडवलेली बंदूक

महादेव गेल्याचा फोन आला तेव्हा मी जोयड्याच्या बसस्टँडवर रामनगरच्या गाडीची वाट बघत उभी होते. बेंगळुरूहून त्याच्या ऑफिसातली शालिनी बोलत होती. थोडं कन्नडमध्ये, बाकीचं रडण्यात. काम करता करता छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं... रामनगरची गाडी आली आणि गेली. मी दिग्गीकडे, आमच्या गावाकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसले. घरी आप्पा एकटे होते. त्यांना हे सांगायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. आता त्याला दोन महिने होत आले. दिवसकार्य झालं, माणसं येऊन गेली, मीही शाळेत शिकवायला परत रुजू झाले. थकवा तेवढा जात नाही.

महादेव माझा धाकटा भाऊ, चाळिशीही न गाठलेला. भाऊ काय करतो असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, कंप्युटरवर बंदुका बनवतो. लोक हसायचे. पण ते खरं होतं. भीतीचे गेम असतात, त्यांना सर्व्हायव्हल हॉरर म्हणतात. ओसाड घर, अंधारा जिना, कुठूनही काहीतरी अंगावर येणार, आणि खेळणाऱ्यानं कसंबसं जीव वाचवून बाहेर पडायचं. त्या गेममधल्या बंदुका महादेव घडवायचा. नुसतं चित्र नव्हे. तिचं वजन, आवाज, धक्का, भरायला लागणारा वेळ, सगळं त्याच्याकडे. इतर गेममध्ये बंदूक मिळाली की खेळणारा राजा होतो, धडाधड मारत सुटतो. महादेवची बंदूक तशी नव्हती. काडतुसं मोजकीच, हात थरथरणार, नेम धरायला जावं तर नळी हलणार, आणि नेमक्या वेळी ती रिकामी. कंपनीतल्या साहेब लोकांना हे पटायचं नाही. पोरं पैसे मोजून गेम घेतात, त्यांना मारायची मजा हवी, असं त्यांचं म्हणणं. महादेव मला फोनवर सांगायचा, "आक्का, बंदूक हातात आली म्हणून माणूस शूर होत न्हाई गं. उलटा जास्त घाबरतो. आधी चाप ओढतो, मग बघतो." हे तो कुठे शिकला ते मला माहीत होतं. आम्ही दोघंही त्यावर बोलत नव्हतो.

आमच्याकडे पूर्वी ठासणीची बंदूक होती, पीक राखायच्या परवान्याची. नळीत दारू आणि छर्रे ठासून भरायचे, की एक बार निघतो. पुन्हा सगळं पहिल्यापासून. निवडणूक आली की ती ठाण्यात जमा करायची, संपली की आणायची. आप्पा ती बहुधा हवेतच उडवायचे. आवाजानं डुकरं पळाली की काम झालं. एका वर्षी भात कापणीला आलेलं, आणि डुकरांनी निम्मं शेत लोळवलेलं. त्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की बांध दिसत नव्हता. भातात खसफस झाली आणि आप्पांनी बार काढला. आम्ही घरातून तो ऐकला. मागोमाग माणसाचं ओरडणं ऐकू आलं. परसूकाका होते ते, शेजारचे, बांधावरचं गवत कापायला वाकलेले. छर्रे तोंडावर बसले. जीव वाचला, पण डावा डोळा गेला.

परसूकाकांनी ठाण्यात स्वतःहून सांगितलं, "चुकून झालं साहेब. त्याचं माझं वैर न्हाई." बंदूक गेली ती गेलीच, आप्पांनी ती परत मागितली नाही. पुढच्या वर्षांत सणावाराला काका आमच्याकडे यायचे, चहा घ्यायचे, पावसापाण्याच्या गप्पा मारायचे. आप्पा मात्र कायम त्यांच्या डाव्या अंगाला बसायचे, न दिसणाऱ्या बाजूला. काका वारले तेव्हा आप्पांनी खांदा दिला.

मागच्या चतुर्थीला महादेव लॅपटॉप घेऊन घरी आला. नवा गेम जवळजवळ तयार झाला होता. आप्पांनी बघावा असं त्याच्या मनात का आलं, देव जाणे. त्यानं त्यांना पडद्यासमोर बसवलं. पडद्यावर धुकं, भाताचं शेत, हातात जुनी बंदूक. समोर पीक हललं. महादेवनं बटण दाबलं, बार झाला, आणि भातातून एक माणूस तोंडावर हात धरून उठला... आप्पा ताडकन उभे राहिले.

"माझं पाप बाजारात मांडलंस व्हय रे?"

"पाप न्हाई आप्पा. भीती हाय ती. तुमची एकट्याची न्हाई, सगळ्यांची. खेळणारा प्रत्येक जण तिथं बार काढतो. एकसुद्धा थांबत न्हाई."

"परसू जिता असताना त्याला इचारलंस काय?"

महादेवनं लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. त्यानंतर बापलेकांचं बोलणं झालं नाही. तो फोनवर मला विचारायचा, "आप्पा जेवतात न्हवं?" इकडे आप्पा मला विचारायचे, "त्याचं बरं हाय न्हवं?" मी दोन्हीकडे हो म्हणायचे. दोघांनाही वाटत होतं, पुढच्या चतुर्थीला बघू.

गेल्या आठवड्यात शालिनी त्याचं सामान घेऊन एवढ्या लांब आली. कपडे, पुस्तकं, लॅपटॉप. तिनं सांगितलं की शेतातला तो माणूस महादेवनं गावाहून परतल्यावर काढून टाकला. का, ते त्यानं ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. शेत आणि धुकं तसंच आहे. पीक हलतं, पण तिथं नुसता वारा असतो. मग निघताना ती सहज बोलावं तसं बोलली, "बंदूक भरताना खेळणाऱ्या माणसाचा श्वास ऐकू येतो ना, तो महादेवचाच, रेकॉर्ड केलेला. दुसऱ्या कुणाचा त्याला पसंत पडेना."

आप्पा तिला ओसरीपर्यंत सोडायला गेले. मग आत येऊन म्हणाले, "लाव ते."

मी गेम लावला. धुकं आलं, शेत आलं.

"त्याचा श्वास कुठाय?"

"बंदूक भरताना येतो आप्पा. पण ती आधीच भरलेली हाय. रिकामी झाल्याबिगर भरता येत न्हाई."

आप्पांना कळलं, आधी बार काढावा लागणार. मी म्हटलं, "मी दाबते." त्यांनी नकारार्थी मान हलवली. कुठलं बटण, नळी कशी हलवायची ते विचारलं आणि स्वतःचं बोट त्यावर ठेवलं. बोट तसंच राहिलं कितीतरी वेळ... मग पडद्यावरची नळी त्यांनी वर आभाळाकडे नेली आणि बार काढला. त्या आवाजानं ते खुर्चीतच दचकले. पाठोपाठ बंदूक उघडल्याचा खटका वाजला, आणि आमच्या माजघरात महादेव श्वास घेऊ लागला. धापा टाकत, घाबरलेला, अगदी जवळ.

आप्पांनी डोळे मिटले. काडतूस भरून झालं आणि श्वास थांबला. त्यांनी बोट पुन्हा बटणावर ठेवलं.