चुलीची ओळ

आधीच सांगून टाकतो — मी चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय. वर्गात कोणी करणी, नजर, भुतंखेतं असलं काही काढलं की त्याला फळ्याजवळ उभं करून पुरावा मागायचो. तेव्हा खाली जे लिहितोय त्याचा पुरावा माझ्याकडे मागू नका. असता तर इथे लिहीत बसलो नसतो.

आमचं गाव मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात, किरनापूरहून लांजीकडे जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, त्या भागातली लग्नघरं रंगवायची. दाराच्या दोन्ही बाजूंना हत्ती, वर मोर, भोवती वेली. स्वतःला अक्षर येत नव्हतं, त्यामुळे नवरा-नवरीची नावं दुसऱ्याकडून लिहून घ्यायची, आणि ती वाकडी आली की दिवसभर कुरकुरायची. धर्मांतरानंतर आम्हा बौद्धांच्या दारावरचा गणपती गेला आणि तिथे ती पिंपळाचं पान काढू लागली. इतरांच्या दारी गणपती तसाच राहिला. हत्ती मात्र दोन्हीकडे. "हत्तीले कोनता धरम?" म्हणायची. मला ती फार आवडायची... हे तिला कधी बोलून दाखवलं नाही.

तिचे रंग सगळे मातीचे — गेरू, पांढरी छुई माती, काजळ, थोडी नीळ. दुकानातल्या ऑइल पेंटला ती हात लावायची नाही. "लगन झालं, पानी आलं, का भितीनं सोडून देल्लं पाह्यजे," असं तिचं म्हणणं. सगळ्यात शेवटी दाराशेजारी, उभ्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, ती वीतभर बाहुल्या काढायची. त्या घरच्या एका चुलीवर जेवणारे सगळे, थोरापासून धाकट्यापर्यंत. याला ती चुलीची ओळ म्हणायची. ही रीत दुसऱ्या कोणाची नव्हती, तिचीच होती.

दोन घरी म्हणे त्या ओळीतली एकच बाहुली रातोरात नाहीशी झाली होती, आणि महिन्याच्या आत त्या घरातलं तेच माणूस गेलं होतं. आजी यावर बोलायची नाही. मला हे आईनं सांगितलं. मी म्हणालो, "भिंतीला ओल असेल." त्या वयात माझ्याकडे सगळ्याचं उत्तर असायचं.

१९६८चा वैशाख. आत्याचं, म्हणजे आजीच्या धाकट्या मुलीचं लग्न. मी जबलपूरहून बी.एस्सी.ची परीक्षा देऊन आलो होतो. आमच्या ओळीत सहा जण — आजी, बाबा, आई, आत्या, मी आणि शेवटी माझी बहीण सुमन, चौदा वर्षांची.

लग्नाला पाच दिवस असताना सकाळी पाहतो तर सुमनची बाहुली नाही. बाकी पाच जागच्या जागी. खाली रंगाचा कणसुद्धा पडलेला नव्हता. आजीनं ती पुन्हा काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा नाही. मग तिनं रंगात बाभळीचा डिंक घातला. तिसऱ्या सकाळी ती जागा अशी स्वच्छ पांढरी होती की तिथे कधी कुंचला टेकलाच नसावा. आजीनं रंगाच्या करवंट्या पालथ्या घातल्या आणि आत जाऊन बसली.

आईनं सुमनला विहिरीवर जायला बंदी केली, चुलीपाशीही येऊ देईना. सुमन हसत होती. मला मात्र भयंकर राग आला. दिवसभर उन्हात भाजणाऱ्या भिंतीला वैशाखात ओल नसते, एवढं मला कळत होतं, आणि म्हणूनच राग आला होता. सायकल काढली, किरनापूरच्या सायकलवाल्याकडून उरलेला लाल ऑइल पेंट आणला आणि दुपारी सगळे आडवे झाले असताना त्या जागी सुमन काढली. दोन वेण्या घातल्या. वांग्याला वेण्या फुटल्यासारखी दिसत होती.

मी अंगणातल्या विहिरीपाशी रॉकेलनं हात धूत असताना आजी बाहेर आली. बघितलं. मला विचारलं, "तुवा केलं?"

"हो. आता नाही जाणार ती."

"हौ, आता नाही जाणार," आजी म्हणाली. "पन भीत एक जागा मांगून राह्यली बाबू. हे नाही, तं दुसरी."

तिनं कोपऱ्यातलं खुरपं उचललं आणि रंग खरवडायला भिंतीला लावलं. तेवढ्यात आई धावत आली आणि तिचं मनगट धरलं. या दोघींचं भाजीतल्या मिठावरून वीस वर्षं भांडण होतं. आई तिच्या पायाशी बसली, हळू आवाजात काहीतरी बोलली. मी विहिरीपाशी होतो, ऐकू आलं नाही. आजीनं तिला काहीतरी सांगत दंडाला धरून उठवलं. मग खुरपं खाली ठेवून माझ्याजवळ आली.

"हात बरा हाय तुहा. डोये जरासे मोठे काढले तू."

मला वाटलं, म्हातारीला पटलं. खूश झालो मी... आज लिहिताना लाज वाटते.

लग्न नीट पार पडलं. आत्या सासरी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सुमन अंगणात कोसळली. अंग तव्यासारखं तापलेलं, डोळे वर. किरनापूरहून डॉक्टर आणला. "लू लगी है. शाम तक देखो," एवढंच म्हणाला, आणि बाबांच्या नजरेला नजर न देता बॅग आवरली. आम्ही तिला ओल्या चादरीत गुंडाळून वारा घालत होतो. आजी आत आलीच नाही. बाहेर उन्हात, चुलीच्या ओळीखाली भिंतीला टेकून बसली होती. मी दोनदा बोलवायला गेलो. दुसऱ्यांदा म्हणाली, "जा, पोरीपाशी बस. मी अथीच बरी."

दिवस कलताना सुमननं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. आई सांगायला बाहेर पळाली. तिची हाक ऐकू आली नाही, म्हणून मी गेलो. आजी तशीच टेकून बसली होती, गेलेली. आणि तिच्या डोक्याच्या दोन हात वर ओळीतली पहिली जागा पांढरी स्वच्छ होती.

डॉक्टर म्हणाला, उन्हानं गेली. बाबा म्हणाले, टेकताना पदर घासला असेल. दोन हात वर पदर कसा घासतो, हे मी त्यांना विचारलं नाही.

आई गेली त्या वर्षी मी तिला विचारलं, त्या दिवशी आजीला काय म्हणालीस? ती म्हणाली, "मी म्हटलं, बाई, खरवडू नोका. माही एकच पोरगी हाय. भीत जागा मांगते तं मी देतो माही. तं त्या म्हने, तुले दोन लेकरं हायेत, उठ. तुह्याआधी माहा नंबर हाय."

भिंतीचं म्हणाल तर चुना, गेरू, ऊन... कोणी हुशार माणूस उद्या काहीतरी सांगेलही. मला आजवर काही सापडलेलं नाही. पण मिठावरून भांडणाऱ्या त्या दोघींनी उभ्या उभ्या जे ठरवलं, आणि मी विहिरीवर हात धूत राहिलो, ते मला सोडत नाही.

सुमन आता गोंदियाला असते, नातवंडांत रमलेली. तिला यातलं काहीच माहीत नाही. आज हे वाचून कळेल.