तात्यांनी न भरलेला प्रश्न

आज सकाळी मी माधवनगरजवळच्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात प्रश्नावल्या भरून घेत होते. माझ्या पीएच.डी.चा विषय या ग्रुपवर तुम्हाला माहीत आहेच, पर्यावरणपूरक मनुष्यबळ व्यवस्थापन. सध्या यावर भराभर पेपर निघतायत.

धुलाई खात्यातले तात्या समोर बसले. चष्मा घरी राहिला होता, म्हणून मी वाचत होते आणि ते सांगतील तिथं खूण करत होते.

"कामगारांच्या पर्यावरणविषयक सूचना अमलात आणल्या जातात."

"पूर्ण सहमत. आवं ताई, मीच दिली हुती की. शेवटच्या धुण्याचं पाणी पुढच्या मालाला वापरा म्हणलं. त्यांनी टाकी बसवली, पाइप टाकले. लय पाणी वाचलं. माझा सत्कार केला. मग धुलाईला माणसंबी कमी लागाय लागली. दोघांना घरी बसवलं. त्यातला एक माझा साडू."

मी पुढचं वाक्य वाचलं. "यापुढेही अशा सूचना द्यायला मी उत्सुक आहे."

मी पुन्हा वाचलं.

"ऱ्हाऊ द्या ते," म्हणाले आणि कामावर गेले.

दुपारी सांगलीला घरी येऊन गाईड सरांना फोन केला. अपूर्ण प्रश्नावली बाद कर, म्हणाले. केली. वाईट वाटेल असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. चहा केला, बाकीच्या प्रश्नावल्या संगणकात भरल्या. तात्यांनी सोडलेल्या वाक्यापुढे बाकी सगळे पूर्ण सहमत आहेत.

तुम्ही इथं बरेच जण संशोधन करता, म्हणून विचारते. तात्या आता माझ्या प्रबंधात कुठंच नाहीत. तुम्ही त्यांना कुठं ठेवलं असतं?