फ्लॅश भरेपर्यंत

नंदुरबारच्या दुकानात शेठने नवा फ्लॅश माझ्या हातात ठेवला. "भाऊ, कितला बी फोटो काढा, हाऊ थांबस नही." तुलना करायला मी माझा जुना फ्लॅश उडवला. तापलेल्या प्लॅस्टिकचा वास आला, पुन्हा भरतानाची बारीक शिट्टी सुरू झाली, आणि मी धानोऱ्यातल्या एका गारठलेल्या सकाळी जाऊन पोचलो.

ब्लँकेटवाटप होतं, फोटो मी काढत होतो. मंचावर ब्लँकेटांपेक्षा पाहुणे जास्त होते. त्यांच्या हारतुऱ्यांवर माझा फ्लॅश रिकामा झाला, आणि नेमकं तेव्हाच प्रमुख पाहुणे असलेल्या साहेबांनी पहिलं ब्लँकेट एका आजीला दिलं.

"साहेब, फोटो आला नाही," मी म्हणालो. पुन्हा देता यावं म्हणून साहेबांनी हसत ब्लँकेटाचं टोक धरलं. आजीने ते छातीशी घट्ट ओढलं.

"एकदाव दिधं ना? आते मन्हं शे."

"आजी, फक्त फोटोसाठी," मी विनवलं.

"थंडी माले वाजी ऱ्हायनी, फोटोले नही!"

लोक हसले. साहेबांनी टोक सोडलं. आजी ब्लँकेट पांघरून पायऱ्या उतरून गेली.

त्या दिवशी मला माझ्या फ्लॅशची लाज वाटली होती. आज वाटतं, तो वेळेवर उडाला असता तर आजी मान खाली घालून साहेबांच्या फोटोत कायमची उभी राहिली असती.

"मग बांधू का?" शेठने विचारलं.

"नको शेठ, जुनाच राहू दे. मंचावरच्यांना थांबायला लावणारी एवढी एकच वस्तू माझ्याकडे आहे."