बिसाहूचे सीन का कापले?

माझ्या सासूबाई, सरिता मेश्राम, टेलिफोन एक्सचेंजमधून ऑपरेटर म्हणून रिटायर झाल्या त्याला बरीच वर्षं झाली. पण त्यांचा आवाज अजून ड्यूटीवर आहे. भाजीवाल्याशी त्या एका आवाजात बोलतात, बँकेतल्या साहेबाशी दुसऱ्या, आणि विकीनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ओला टॉवेल पलंगावर टाकला की तिसऱ्या. लग्न होऊन मी भंडाऱ्याहून रायपूरला आले तेव्हा सुरुवातीला मला वाटायचं, घरात पाहुणे आलेत. स्वयंपाकघरात जाऊन पाहावं तर आई एकट्याच. कालच्या महिला मंडळाच्या मीटिंगमधलं चौघींचं भांडण कुकरला ऐकवणं चाललेलं.

ही कला त्यांनी कमावली ती नव्वदच्या दशकात, एका हिंदी मालिकेपायी. 'दैनिक दुंदुभी' नावाची विनोदी मालिका टीव्हीवर लागायची. एका गावातल्या बुडीत निघालेल्या वर्तमानपत्राचं ऑफिस, आणि त्यात बातम्यांपेक्षा गोंधळ जास्त छापणारी माणसं. संपादक चतुर्वेदीजी, सायकलवर फिरणारी बातमीदार सुनैना, रक्त पाहून चक्कर येणारे क्राइम रिपोर्टर खानसाहेब. संध्याकाळच्या पाळीतल्या मुलींची मालिका चुकायची. मग दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीत आई त्यांना अख्खा भाग करून दाखवायच्या. सगळ्यांचे आवाज, शिवाय दरवाज्याची करकर. शेजारच्या टेलिफोन बोर्डवर बसणारी अर्चना मोघे इतकी हसायची की सुपरवायझर धावत यायचा.

मालिका संपली, बोर्ड गेले, बायका रिटायर झाल्या. आणि मागच्या वर्षी बातमी आली की 'दैनिक दुंदुभी' पुन्हा येणार. आता मोबाइलवर, दर शुक्रवारी एक भाग.

एक्सचेंजच्या जुन्या मैत्रिणींचा एक ग्रुप आहे. एरवी त्यावर गुलाबाची फुलं आणि गुडघ्यांचे व्यायाम येतात. पहिला भाग आला त्या संध्याकाळी ग्रुप पेटला. चतुर्वेदीजींचे केस कुठे गेले? सुनैनाची सायकल कुठे गेली? ती तर संपादक होऊन मोठ्या गाडीतून उतरली! पेपर बंद पडून त्याची वेबसाइट झाली होती. ते दुर्गच्या एका बाईंना इतकं लागलं की त्यांनी 'ये दुंदुभी नहीं, डफली है' असं लिहून फोन बंद करून टाकला. दुसऱ्या एकीला जुनं संगीत ऐकून रडू आलं. तिसरीनं लिहिलं, भाग संपल्यावर आमचे हे म्हणाले, आपणही म्हातारे झालो की!

आमच्या घरीही दोन पक्ष पडले. विकी पोट धरून हसला.

"मम्मी, अच्छा तो है! नए ज़माने का है," तो म्हणाला. त्याला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीतच येतं.

"काय डोंबल अच्छा," आई म्हणाल्या. "मले हसूच येऊन नाही राहिलं. अन् हे लोकं बोलून काहून नाही राहिले एकमेकांशी? एकाच खोलीत बसून मेसेज काय पाठवतात?"

ते खरं होतं. नव्या मालिकेतले अर्धे विनोद पडद्यावर मेसेज उमटून यायचे. आणि नेमकं तेच अर्चनामावशींच्या आड आलं.

अर्चनामावशी चौबे कॉलोनीत राहतात. दोनेक वर्षांपासून त्यांच्या नजरेच्या मधोमध डाग पडला आहे. कडेचं दिसतं, समोरचं नाही. दारात कोणी उभं आहे ते कळतं, चेहरा कळत नाही. नवी मालिका येणार म्हणून त्या सगळ्यांपेक्षा जास्त खूश होत्या. पण पहिला भाग त्यांनी नुसता ऐकला, आणि अर्धा वेळ तर शांतताच ऐकू आली. त्यांनी आईंना फोन केला. "सरिता, सगळे हसताहेत वाटतं पडद्यावर. कशाला ते मला कोण सांगणार? आमच्या यांना तर मालिका म्हटलं की कपाळावर आठ्या."

शनिवारी सकाळी आई ऑटो करून चौबे कॉलोनीत गेल्या. मला सुट्टी होती, मीही गेले.

मोघेकाका, रत्नाकर मोघे, बँकेतून रिटायर झालेले. त्यांनी आम्हाला बसवलं, पंखा लावला आणि पेपर घेऊन आतल्या खोलीत गेले. आईंनी सांगायला सुरुवात केली. जसं होतं तसं सांगितलं. सुनैना अशी म्हणाली, त्यावर खानसाहेबांनी असा मेसेज टाकला. मावशी ऐकत होत्या, मान हलवत होत्या, पण हसत नव्हत्या. त्यांचे हात मांडीवर नुसते पडलेले होते. आई मधेच थांबल्या. माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "अन् तेवढ्यात आला न बिसाहू!"

मी चमकले. बिसाहू कोण?

"बिसाहू कोण?" मावशींनीही विचारलं.

"नवीन चपराशी ठेवलाय त्यांनी. छत्तीसगढी आहे. सुनैना ओरडून राहिली, की अरे ब्रेकिंग न्यूज कुठंय, ब्रेकिंग न्यूज! तर हा दारात प्लेट घेऊन उभा. म्हणते, खबर तो बासी होगे मैडम, भजिया ताते-तात हे!"

बातमी शिळी झाली, भजी मात्र गरमागरम आहेत! मावशी आधी नुसत्या फुसकन हसल्या. मग आईंनी बिसाहूला टेबलाखाली प्लग शोधायला पाठवलं, त्याच्याकडून साऱ्या ऑफिसचे कॉम्प्युटर बंद पाडले, आणि वर त्याच्या तोंडून "अब शांति हे" असं म्हणवलं. तेव्हा मावशी खुर्चीत वाकून हसायला लागल्या. आतल्या खोलीतला पेपर खाली आला.

परत येताना ऑटोत मी म्हटलं, "आई, मी पण पाहिलाय तो भाग."

"पाहिला असशील."

"बिसाहू नव्हता त्यात."

"नव्हता तं नव्हता," आई म्हणाल्या. "ते हसली का नाही?"

मग दर शनिवारचं ठरलंच. पुढे पुढे मालिका थोडी आणि बिसाहू जास्त अशी वाटणी झाली. बिसाहूनं चतुर्वेदीजींच्या कवळीवर पेपरवेट ठेवला. बिसाहूनं मंत्र्याला बाहेर बसवून आधी मांजरीला आत घेतलं. मावशी आठवडाभर फोनवर विचारायच्या, बिसाहू काय करून राहिला असेल गं? मोघेकाका आधी दारात उभे राहून ऐकायचे, मग दाराशी खुर्ची आणून, मग सरळ मावशींच्या शेजारी सोफ्यावर. आईंनी बिसाहूचा आवाज काढला की बँकेतल्या माणसाला न शोभेल असं ते हसायचे, मांडीवर थापा मारत.

नवी मालिका आईंनाही हळूहळू आवडू लागली. "पोट्टी चांगलं काम करते," त्या सुनैनाबद्दल म्हणायच्या. ग्रुपवरचा रागही निवळला. दुर्गच्या बाईंनी फोन पुन्हा सुरू केला.

एके दिवशी मी नव्या रायपूरहून ऑफिसच्या बसनं परत येत होते. सहज मालिकेच्या भागाखाली लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचायला लागले. कोणी सुनैनाच्या साड्यांवर खूश, कोणी म्हणतंय जुनीच बरी होती. आणि त्यात एक प्रतिक्रिया. खाली नाव, रत्नाकर मोघे, रायपूर.

'महोदय, सादर निवेदन है कि इस धारावाहिक में बिसाहू के सीन क्यों काटे जा रहे हैं? हमारे यहाँ एक भी सीन नहीं दिखता। कृपया पूरा भाग दिखाएँ।'

बसमध्ये मी तोंडावर ओढणी धरली. पण खरी गंमत त्याखाली होती. एकानं विचारलं होतं, कौन बिसाहू? त्याला बिलासपूरच्या कोणीतरी उत्तर दिलं होतं, 'अरे पुराने वाले में था, चाय लाता था, कमाल का था।' राजनांदगावच्या एकानं लिहिलं होतं की लहानपणी त्यांचे वडील बिसाहूची नक्कल करायचे. एक बाई रागावल्या होत्या, छत्तीसगढचा माणूस म्हणूनच त्याला कापला! आणि त्याखाली हात जोडलेली चित्रं टाकून लोकांनी रांग लावली होती. बिसाहू को वापस लाओ. बिसाहू को वापस लाओ. मालिकेवाल्यांचं उत्तरही होतं, 'आपके सुझाव के लिए धन्यवाद।'

घरी येऊन मी आईंना हे वाचून दाखवलं. मला वाटलं त्या हसतील. त्या पलंगावर टेकल्याच.

"बापा! भाऊजींनी तक्रार केली?"

"त्यांना खरंच वाटतंय, आई. सगळ्यांनाच."

"आता अर्चनाले समजन," त्या म्हणाल्या. "तिले वाटन, मी तिच्या डोळ्याचा फायदा घेतला. दिसत नाही म्हणून काहीपण सांगून राहिली." चार आवाज काढणाऱ्या बाईंचा स्वतःचा आवाज एकदम बारीक झाला होता.

त्या शनिवारी आई गेल्या नाहीत. सर्दी झाल्याचं सांगितलं. पुढच्या आठवड्यात मावशींचा फोन आला तेव्हा मीच उचलला आणि सांगून टाकलं, "येतोय आम्ही."

चौबे कॉलोनीत पोचल्यावर आई ऑटोतून उतरेनात. मी हाताला धरून आत नेलं. मोघेकाका मोबाइल हातात घेऊन बसलेच होते. "सरिताताई, मी तीनदा पाहिला हो भाग! आमच्या मोबाइलमध्येच काहीतरी गडबड आहे. तो बिसाहू..."

"भाऊजी," आई उभ्या उभ्याच म्हणाल्या, "बिसाहू नाही आहे त्याच्यात. कधीच नव्हता. मी बनवला त्याले." मग मावशींकडे वळल्या. "अर्चना, तू हसून नव्हती राहिली, म्हणून मी त्याले आणला. मग तो जाईचना. तुले राग आला असन तं बोल, पण गप्प नको बसू."

मोघेकाकांच्या हातातला मोबाइल तसाच राहिला. मावशी मात्र पुढे वाकल्या आणि आईंचा हात चाचपून धरला.

"मला पहिल्याच दिवशी कळलं होतं गं," त्या म्हणाल्या. "भजिया ताते-तात! एक्सचेंजमध्ये हे कोण म्हणायचं? आपल्या लहानूशिवाय?"

आई खाली बसल्या. लहानू हा एक्सचेंजचा शिपाई. गोंदियाकडचा, पण अर्धी जिंदगी रायपुरात काढून छत्तीसगढी बोलणारा. साहेबाच्या रागावर, बोर्डाच्या बिघाडावर, सगळ्यावर त्याचं एक वाक्य तयार असायचं. आईंना तो आठवत होता, पण बिसाहूचा आवाज काढताना आपण त्याचाच काढतोय हे त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"म्हणजे तुला माहीत होतं!" मोघेकाका ओरडले. "आणि मी देशभर अर्ज करून राहिलो! मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार?" मावशी म्हणाल्या. "तुम्ही पेपर सोडून माझ्याजवळ येऊन बसायला लागला होतात."

काका उठून चहा टाकायला गेले, आणि तिथून त्यांचं हसणं ऐकू आलं. आधी थोडं, मग थांबेचना. "बिलासपूरवाला म्हणतो, पुराने वाले में था!" ते आतूनच म्हणाले, आणि आम्ही तिघी एकमेकींच्या अंगावर पडून हसलो.

त्यानंतर मावशींनी ध्यास घेतला की लहानूला शोधायचा. ग्रुपवर विचारलं तर दुर्गच्या बाईंनीच पत्ता दिला. भनपुरीत, ट्रकांच्या यार्डाजवळ, मुलाच्या टायरच्या दुकानाच्या मागे राहतो. आम्ही काकांच्या गाडीतून गेलो. लहानूभाऊ बाजेवर बसून शेंगा फोडत होते. आई गाडीतून उतरल्या तर त्यांनी डोळे बारीक केले.

"जय भीम, मेश्रामबाई. ड्यूटी बदलली काय?"

आईंनी त्यांना सगळं सांगितलं. तुम्हाला मालिकेत घातलं, लोक तुमच्यासाठी भांडून राहिले. लहानूभाऊंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मले विचारलं होतं काय?" आई गडबडल्या. तेव्हा त्यांनी मूठभर शेंगा पुढे केल्या. "खा. चांगलं केलं. बसून बसून कटाळलो होतो."

शेवटच्या भागाच्या शनिवारी काकांनी त्यांना घरी आणलं. पांढरा शर्ट, केसांना तेल, खिशात शेंगा. आईंना कधी नव्हे ते बोलताना अडखळायला झालं. ज्याचा आवाज काढायचा तो समोर. बिसाहूनं ऑफिस सोडून चाललेल्या सुनैनाला निरोपाचं भाषण दिलं, तर लहानूभाऊ म्हणाले, "एवढा मी नाही बोलत. मी म्हटलं असतं, जातं तं जा, कुलूप कोण लावन?" मोघेकाकांनी मांडीवर थाप मारली. आईंनी लगेच ते वाक्य बिसाहूला देऊन टाकलं.

मालिकेचा तो भाग अर्ध्यावर राहिला. मग बोर्डाच्या गोष्टी निघाल्या, सुपरवायझरच्या निघाल्या, आणि बोलता बोलता लहानूभाऊंची मान सोफ्यावर मागे गेली.

"झोपला का गं?" मावशींनी कुजबुजून विचारलं.

आई त्यांच्या कानाशी वाकल्या. "झोपला. तोंड उघडं. एक चप्पल पायात, एक टीपॉयखाली. शेंगदाण्याचं टरफल मिशीले लागलंय, अन् ते श्वास घेतला की हलून राहिलं."

"कोणत्या बाजूला?"

"डाव्या."

मावशींनी पदर तोंडात कोंबला, पण हसू फुटलंच.

"सांगा, सांगा बाई," डोळे न उघडता लहानूभाऊ म्हणाले. "मी ऐकून राहिलो."