ऐंशीवर एक टाका

तिचं खरं नाव रेशनकार्डावर होतं आणि तिथेच राहिलं. गल्लीत तिला सगळे भिंगरी म्हणायचे. बसलेली भिंगरी फार कमी लोकांनी पाहिली होती. जेवायला बसली तरी एक पाय पाटाशेजारी नाचत असे. चहा ती ओट्याशी उभी राहून प्यायची, आणि कप विसळून झाल्यावर लक्षात यायचं की शेवटचे दोन घोट त्यातच होते.

तेहतीस वर्षं तिने घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचले. जिने, बोळ, मीटरच्या खोल्यांमधला कोंदट वास, कुत्र्यांचं भुंकणं. एका घराकडून दुसऱ्या घराकडे जाताना हात रिकामे राहायचे आणि रिकामे हात तिला सोसत नसत. म्हणून खांद्याच्या पिशवीत लोकर आणि गोल सुई. दोन टोकं, मधे लवचिक तार. चालता चालता ती टोप्या विणायची. नवरा लिफ्ट चालवायचा, दिवसभर वरखाली करून कमालीचा शांत झालेला माणूस. तो म्हणायचा, "आपल्या घरात प्रवास मी करतो आणि दमते ही." तो गेला. घरात भिंगरी राहिली आणि तिची नणंद.

टोपीचा शोध चुकीतून लागला. पाच टाके सुलट, पाच उलट, असे उभे पट्टे येणारी साधी टोपी तिने सुरू केली होती. त्याला ऐंशी टाके लागतात. एका इमारतीचा जिना चढत ती टाके घालत होती, तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून बिलाबद्दल भांडलं, आणि मोजणीत एक टाका जास्त पडला. तिला ते कळलं नाही. पाच सुलट, पाच उलट, ती विणत राहिली. दुसऱ्या दिवशी पाहते तो पट्टे उभे नव्हते. प्रत्येक फेरीला एकेक टाका सरकत ते उजवीकडे झुकत वर चढले होते, जिन्यासारखे, आणि माथ्यावर टाके कमी केल्यावर एका बिंदूभोवती पीळ घालून मिटले. उसवायला घेतलेली सुई तिने खाली ठेवली.

असं का झालं हे उमगायला तिला दोन दिवस लागले. उमगल्यावर मात्र ती कुणाला बोलली नाही. त्या जादा टाक्यामुळे फेरी कुठे सुरू झाली, कुठे संपली, हे पाहावंच लागत नव्हतं. सुरुवात नाही, शेवट नाही, नुसतं पुढे जायचं. तिच्या स्वभावाला बेतून शिवलेलं काम होतं ते. आयुष्यात बाकी सगळं तिला कुणीतरी दिलेलं होतं: नोकरी वडिलांच्या ओळखीने, खोली नवऱ्याची, नावदेखील गल्लीने ठेवलेलं. हा एक टाका तेवढा तिचा होता.

शहराच्या कडेला एक शीतगृह होतं. गोठवलेल्या भाज्यांची खोकी हलवणारी माणसं तिथे शून्याखाली काम करत. तिथल्या मुकादमाने एकदा तिच्या हातातली टोपी पाहिली, आणि तेव्हापासून दर वर्षी तिच्याकडून टोप्या घेतल्या. या वर्षी नवं दालन उघडणार होतं. बत्तीस टोप्या हव्या होत्या, महिन्याभरात.

अकरा झाल्या आणि बारावी विणत ती जिना उतरत होती. लक्ष सुईकडे होतं, पायरीकडे नव्हतं.

हाडांचे डॉक्टर म्हणाले, "सहा आठवडे पाय हलवायचा नाही."

"आणि उभं राहायचं?"

"उभं राहणं म्हणजे पाय हलवणंच, काकू."

पहिले तीन दिवस तिने खुर्चीत बसून विणून पाहिलं. बसली की अंगातली सगळी धाव बोटांत उतरायची आणि धागा आवळला जायचा. टाके इतके घट्ट की सुई आत घुसेना. मुकादम पाहायला आला. त्याने टोपी डोक्यावर ओढून पाहिली, ती कानांच्याही वर अडकली. मग त्याने ती मुठीवर चढवली.

"काकू, हिला बसते बघा. पण मूठ कुठे हो गारठ्यात काम करते?" तो हसला आणि मग हसू आवरून म्हणाला, "नाही जमलं तर सांगा. कारखान्यातून मागवतो. तयार मिळतात."

"जमेल," नणंद म्हणाली. ती खिडकीशी बसून स्वेटर विणत होती. आयुष्यभर ती तिथेच बसत आली होती. "मी करते. वहिनीने सांगावं फक्त."

भिंगरीने काहीच सांगितलं नाही. म्हणाली, "तुम्हाला सांगायला का हवं, वन्सं? तयार पाहून करा."

नणंदेने तयार टोपीची कड मोजली. एक्याऐंशी. तिने मान हलवली. मुरलेल्या विणकरणीला हे ठाऊक असतं: गोलात जोडताना एक टाका जास्त घालतात आणि पहिल्या टाक्याबरोबर एकत्र विणून टाकतात, म्हणजे जोडाशी फट राहत नाही. तिनेही तसंच केलं. राहिले ऐंशी. दोन दिवसांनी तिच्या हातात उभ्या, सरळ, सुरेख पट्ट्यांची टोपी होती आणि चेहऱ्यावर गोंधळ.

"हे वळत का नाही गं?"

भिंगरीने टोपीकडे पाहिलं. किती नीट विणली होती. एक टाका सैल नाही, एक घट्ट नाही. तिच्या स्वतःच्या टोप्यांत कुठे जिना लागला, कुठे कुत्रा मागे लागला ते ओळखू यायचं. तिला बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. मुकादम कारखान्याकडे जाईल, हे तिला दिसत होतं. पण वन्संना साधलं, तर पुढच्या वर्षी तो खिडकीशी जाऊन उभा राहील, हेही दिसत होतं.

"ऐंशीला एक कमी घ्या," ती म्हणाली. "जोडून झाल्यावर एकोणऐंशी उरले पाहिजेत."

हे बोलताना तिला वाटलं होतं की सगळं विस्कटेल. विस्कटलं नाही. एक टाका कमी असला तरी पट्टे सरकतातच. फक्त उलट्या अंगाला, डावीकडे झुकत. नणंदेने हरखून टोपी वर धरली. "वळली! बघ वळली!" भिंगरी खुर्चीत रेलून पाहत राहिली. आरशात पाहावं तशी तिची टोपी कुणा दुसऱ्याच्या हातात फिरत होती. आता कळेल, तिला वाटलं. मुकादमाला कळेल. तो म्हणेल, ही काकूंची नाही.

नणंदेने उरलेल्या एकवीस टोप्या विणल्या. मुकादम आला, आकडा पाहिला, पिशवी उचलून गेला. भिंगरीची झोप उडाली. दिवसा ती खुर्चीचे हात नखांनी कोरायची. "लाकूड सोलून काय करणार आहेस?" नणंद विचारायची. कुणीतरी तक्रार करेल, कुणीतरी विचारायला येईल, याची ती वाट पाहत होती. कुणी आलं नाही.

प्लास्टर निघालं त्याच दिवशी कुबडी घेऊन ती शीतगृहाच्या फाटकाशी गेली. दुपारी दोनला पाळी सुटली. दार उघडलं की आतून पांढरी वाफ रस्त्यावर येत होती आणि वाफेतून माणसं, डोक्यावर टोप्या. भिंगरी डोकी मोजू लागली. उजवीकडे, डावीकडे, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. तिच्या नजरेला त्या इतक्या वेगळ्या होत्या की बाकीच्यांना दिसत नाहीत, यावर तिचा विश्वास बसेना. तिने एका खोकी ढकलणाऱ्याला अडवलं.

"जरा थांब. डोकं वाकव बघू."

"का हो? केस गळतायत का?"

"टोपी बघतेय." तिने दुसऱ्यालाही हाक मारली. दोघांना शेजारी शेजारी उभं केलं. "आता एकमेकांकडे बघा. दोन टोप्यांत काय फरक दिसतो?"

दोघांनी एकमेकांची डोकी मनापासून न्याहाळली.

"याचं टाळकं मोठं आहे," एक म्हणाला.

"आणि याचं रिकामं," दुसरा म्हणाला. "मावशी, टोपी गरम आहे. अजून काय पाहिजे?"

ते हसत निघून गेले. ती फाटकाशी उभी राहिली. दार बंद झालं, वाफ विरली. इतकी वर्षं जे तिने मुठीत आवळून धरलं होतं, त्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. तिला राग यायला हवा होता. राग आला नाही. भीती वाटली: आपण गेल्यावर हा टाका होता, हेही कुणाला कळणार नाही. मग ती घरापर्यंत चालत गेली, कुबडी आपटत, किल्ल्या करणाऱ्याच्या दुकानावरून, दोनदा चुकीच्या गल्लीत शिरत.

नणंद खिडकीशी होती. भिंगरी दारातूनच बोलली.

"वन्सं, एकोणऐंशी नव्हे. जोडून झाल्यावरही एक्याऐंशी."

नणंदेने हातातली ओळ पुरी केली. "मग एक कमी कशाला सांगितलंस?"

"तुमची बिघडावी म्हणून."

सुया थांबल्या. खाली टायरवाल्याने शटर ओढलं. भिंगरीने खोलीच्या दोन फेऱ्या मारल्या.

"बिघडली का?"

"नाही. तेच तर ना. उलटी फिरते, एवढंच."

"एवढंच," नणंद म्हणाली. त्या शब्दात राग होता. मग तिने पिशवीतून राखाडी लोकरीचा गुंडा आणि गोल सुई काढून पुढे केली. "मला खरी करून बघायचीय. टाके तू घाल. आणि बस जरा. डोक्याशी घिरट्या घालू नकोस."

भिंगरी बसली नाही. कुबडी काखेत दाबून, पाठ भिंतीला लावून, तिने उभ्यानेच पहिली गाठ मारली. मोजायला ओठ नेहमीसारखे मिटूनच हलू लागले. मग तिने ते उघडले. एक, दोन, तीन. मोठ्याने, खोलीभर. नणंद खुर्ची ओढून जवळ आली आणि तिच्या बोटांकडे पाहत राहिली. एकोणऐंशी. ऐंशी. भिंगरी थांबली.

"घाल की," नणंद म्हणाली.

"एक्याऐंशी."

"आणि एवढ्या मोठ्याने ओरडू नकोस. खालच्या टायरवाल्यालासुद्धा विणायला यायला लागेल."