मेंढरांना बोळकं, म्हातारीला दात

भवानी पेठेतल्या दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी पटका बांधलेला एक मेंढपाळ बसला होता. नवी कवळी त्यानं धोतराच्या सोग्यात धरली होती, पाखराचं पिल्लू धरावं तशी.

"डाक्टर, ही घालून हाळी दिली की मेंढरं वळतच न्हाईत. लई वर्सं बोळक्यानंच हाका मारल्यात की त्यास्नी."

"द्या बघू हाळी," डॉक्टर म्हणाले.

त्यानं आधी कवळी घालून हाळी दिली, मग काढून. दुसरी हाळी ओठांतून अशी फडफडत आली की सगळे हसले. तोही हसला.

"मग रानात काढून ठेवा, डबीत पाणी घालून."

"व्हय. घरी मातर घालनार. म्हातारीनं हौसेनं करायला लावलीया. मेंढरास्नी बोळकं, म्हातारीला दात!"

मग त्यानं मला विचारलं, "तुमचं काय वो?"

"हिरड्या सोलल्यात. कवळी रात्रीसुद्धा काढत नाही."

"का? मालकीण भेती व्हय?"

खरं सांगायचं तर भीत मीच होतो. कवळी बसल्यापासून मी बायकोकडे पाठ करून झोपत होतो, बोलणंही कमी केलं होतं. मी रागावलोय असं तिला वाटायचं, आणि मी वाटू दिलं.

घरी गेलो आणि तिच्यासमोर कवळी काढली. माझ्या बसलेल्या गालांकडे ती बघतच राहिली.

"म्हणजे माझ्यावर राग नव्हता?"

"नव्हता," मी म्हणालो. शब्द पार लिबलिबीत आला, पण तिला तो नीट कळला.